सायन्स शिकून पोलिसात? वाया जात नाही!

गेवराईहून एका वडिलांनी लिहिलं आहे: "मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय केमिस्ट्री. पहाटे पाचला ग्राउंडवर पळते, पोलीस भरतीच द्यायची म्हणते. आता सगळं कॅमेरे आणि कॉम्प्युटरच करणार, मग शिपाई कशाला लागतील? सायन्सही वाया जाईल. त्यापेक्षा ऐंशी हजारांचा सायबर कोर्स लावून देऊ का?"

नमस्कार. सायन्सची काळजी आधी सोडा. १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं, जगातलं पहिलं. कार्डांचे ढीग साचले, पण त्यातून हवं ते शोधायचं कसं? अझीझुल हक नावाच्या फौजदारानं गणिती सूत्र बसवून ठसे १०२४ खणांत विभागले. जोडीला हेमचंद्र बोस होते. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं, बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांचं लागलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पोलिसातलं तंत्रज्ञान असं पोलिसातल्याच हुशार माणसांनी उभं केलंय.

आणि यंत्रं आली म्हणून काम घटलेलं नाही, उलट वाढलंय. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञ नेण्याची तरतूद आहे, ती टप्प्याटप्प्यानं अमलात येतेय. डिजिटल पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यूचं, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे ताडून पाहायच्या खुणेचं, प्रमाणपत्र लागतं. जप्त केलेला मोबाईल कुणी नीट सील केला नाही, की बचावाचा वकील नेमका तोच धागा ओढतो. १९३० या हेल्पलाइनवर फसवणुकीचा फोन आला, की पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला गाठावं लागतं. ही धावपळ माणसंच करतात, आणि ती समजून करणारी माणसं ठाण्यात कमी पडतात.

तो ऐंशी हजारांचा कोर्स नको. शिपाई भरतीत त्याचा एक गुणही मिळत नाही. भरती म्हणजे मैदानी ५० आणि लेखी १०० गुण. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. तेव्हा तिचं पहाटेचं पळणं मोडू नका.

पण बीएस्सी मात्र पूर्ण होऊ द्या. शिपायाला बारावी चालते, एमपीएससीतून पीएसआय व्हायला पदवी लागते. केमिस्ट्रीवाल्यांना आणखी एक वाट आहे: छत्रपती संभाजीनगरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था, तुम्हाला जवळचीच. तिथून एमएस्सी करून सरकारी प्रयोगशाळांच्या पदांसाठी अर्ज करता येतात. प्रवेशाच्या अटी यंदाच्या बघा, जुन्या माहितीवर विसंबू नका.

एक करा. बीडच्या सायबर पोलीस ठाण्यात परवानगी मागून तिला तासभर घेऊन जा. तिथल्या महिला अंमलदाराशी तिला बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. ती काय काय विचारते ते ऐका आणि मला परत लिहा.