फुलदाणी कुणी घडवली? : वाचकांचे प्रश्न

चॅरिटी शॉपमध्ये झाडाच्या सालीसारखा पोत असलेली नारिंगी फुलदाणी मिळाली. उंची 19 सेंमी. कुठेही नाव नाही. विकणाऱ्या बाई ‘व्हाइटफ्रायर्स’ म्हणाल्या. खात्री कशी करायची? (हॅरो, लंडन)

नाव नाही म्हणून नाराज होऊ नका. व्हाइटफ्रायर्स या इंग्लिश काच कारखान्याच्या या मालावर काचेत कोरलेली खूण सहसा नसतेच. माल कागदी लेबल लावून विकला जाई, आणि ते लेबल पहिल्या धुण्यातच निघून जाई. हा कारखाना 1923पासून तुमच्याच भागात, हॅरोमधल्या वील्डस्टोनला होता आणि 1980 साली बंद पडला. सालीच्या पोताची मालिका तिथले डिझायनर जेफ्री बॅक्स्टर यांनी 1967मध्ये आणली. साचे बनवताना त्यांनी खरी साल, खिळे, तार, विटा असल्या वस्तू वापरल्या होत्या.

आधी फूटपट्टी घ्या. सालीची दंडगोल फुलदाणी तीन मापांत निघाली (पुढचे चार आकडी अंक हे कारखान्याचे नमुना क्रमांक) : 9689 सुमारे 15 सेंमी, 9690 सुमारे 19 आणि 9691 सुमारे 23 सेंमी. तुमची मधली बसते. काठ हाताने उतरवलेला असल्याने काही मिलिमीटरचा फरक चालतो, दोन सेंटिमीटरचा नाही.

मग फुलदाणी आडवी धरून खिडकीच्या उजेडात बूड पाहा. या मालात रंगीत काच आत असते आणि तिच्यावर पारदर्शक काचेचं जाड आवरण. त्यामुळे बुडाशी रंगाची वाटी स्वच्छ काचेत बसल्यासारखी दिसते. नारिंगी रंग थेट बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत आला असेल, तर मी तरी ती घ्यायला कचरेन. बुडाच्या मध्यावर घासून गुळगुळीत केलेला भाग आहे का, तेही बघा. फुंकून झाल्यावर काठ घडवताना काच ज्या दांड्यावर धरतात, त्याची तुटकी खूण तिथे मिटवलेली असते.

पोत बोटांनी तपासा. अस्सल वस्तूवर सालीच्या कडा ठसठशीत लागतात. अस्सल फुलदाणीवरूनच नवा साचा काढला, तर बारकावे बुजतात आणि उठाव साबणावरच्या नक्षीसारखा मऊ येतो. नकला मुख्यतः महाग आकारांच्या निघाल्या आहेत : ‘बँजो’ (9681, सुमारे 32 सेंमी) आणि विटा वेड्यावाकड्या रचल्यासारखी दिसणारी ‘ड्रंकन ब्रिकलेअर’ (9672 सुमारे 21, 9673 सुमारे 33 सेंमी). साध्या दंडगोलाबाबत धोका वेगळा असतो : तिथे नकलेपेक्षा दुसऱ्याच कारखान्याचा माल या नावावर खपतो. लाकडाचा पोत ही त्या काळाची आवडच होती. फिनलंडच्या इटाला या काच कारखान्याची ‘फिनलंडिया’ मालिका 1964ची, म्हणजे याआधीची, पण ती बहुतांशी बिनरंगी काचेची आहे.

लेबलवर मात्र विसंबू नका. कागद एका वस्तूवरून काढून दुसरीवर चिकटवायला वेळ लागत नाही.

ठिपक्याठिपक्यांची, ढगाळ रंगांची स्कॉटिश फुलदाणी आहे. मोनार्ट, व्हासार्ट की स्ट्रॅथर्न? (एडिंबरा)

तिन्हींमागे एकच घराणं आहे, म्हणून गोंधळ होतो. बार्सिलोनाहून आलेले साल्वादोर इझार्ट यांनी 1924मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॉनक्रीफ काच कारखान्यात मोनार्ट सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते व्हिन्सेंट आणि ऑगस्टिन या मुलांसह बाहेर पडले आणि व्हासार्ट काढलं. आणखी एक मुलगा पॉल मात्र मॉनक्रीफमध्येच राहिले आणि मोनार्ट 1961पर्यंत चाललं. व्हासार्टमधूनच पुढे 1965मध्ये क्रीफ गावी स्ट्रॅथर्न उभं राहिलं.

तेव्हा फुलदाणी उलटी करा. बुडाच्या मध्यावर उडी मारणाऱ्या सामन माशाचा ठसा दाबलेला असेल, तर ते स्ट्रॅथर्न. पुढे वाद नाही. आम्लाने उमटवलेली ‘व्हासार्ट’ अशी सही असेल तर तीही निर्णायक आहे, पण ती फिकी असते. बुडावर तोंडाची वाफ सोडून तिरक्या उजेडात बघा, अक्षरं वर येतात. दोन्ही नसतील आणि मधली खूण घासून सपाट केलेल्या, किंचित वर उचललेल्या चकतीसारखी असेल, तर मोनार्टकडे पारडं झुकतं. लेबल शाबूत असेल तर त्यावर आकाराची अक्षरं, मापाचा रोमन आकडा आणि रंगाचा क्रमांक असा संकेत सापडतो, आणि तो हातातल्या वस्तूशी जुळायला हवा.

रंगांवरून ठरवायचंच झालं, तर व्हासार्ट फिकट गुलाबी-निळ्यात रमतं, मोनार्टचे रंग जास्त गडद. पण याला अपवाद पुष्कळ आहेत. एकट्या रंगावर निकाल देणाऱ्याचं मी ऐकत नाही.

जुन्या बाजारातून पिवळी, कडेला दुधी होत जाणारी फुलदाणी आणली. आत ‘Rd’ आणि 176566 असा आकडा आहे. हे वर्ष कसं काढायचं? (मुंबई)

हा ब्रिटनमधल्या डिझाइन नोंदणीचा क्रमांक. 1884 साली तो 1पासून सुरू झाला. 1891ची सुरुवात 163767पासून आणि 1892ची 185713पासून होते, म्हणजे तुमचं डिझाइन 1891चं. हा क्रमांक गेट्सहेडच्या जॉर्ज डेव्हिडसन कंपनीच्या ‘लेडी चिपेंडेल’ नक्षीचा. कड पुन्हा तापवली की दुधी होणाऱ्या या काचेला ते ‘पर्लाइन’ म्हणत.

लक्षात घ्या, हे वर्ष नोंदणीचं आहे. तोच साचा नंतरही वापरला जाई. पिवळ्या पर्लाइनमध्ये युरेनियम असतं. अंधारात 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की ती लखलखीत हिरवी दिसते. फक्त त्यावर निकाल देऊ नका, कारण युरेनियम काच अनेक देशांत बनली आणि मँगनीजची काचही मंद हिरवी चमकते.

आकड्याऐवजी चौकट उभी हिऱ्यासारखी असेल, तर वस्तूचं डिझाइन 1842 ते 1883मधलं. तिच्या माथ्यावरच्या वर्तुळात रोमन तीन म्हणजे काच. वर्षाचं अक्षर 1867पर्यंत वरच्या कोपऱ्यात असे, 1868पासून ते उजव्या कोपऱ्यात गेलं.

आतला पांढरा थर कसा काढावा? (पुणे)

पांढरा व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, मग बाटली धुण्याच्या मऊ ब्रशने घासा. क्षार असतील तर निघतील. दोनदा करूनही ढगाळपणा राहिला तर काच कुजली आहे, म्हणजे तिचा पृष्ठभागच खराब झाला आहे. घरी घासून ती उजळत नाही. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये टाकू नका, आणि कागदी लेबल असेल तर बूड कोरडंच ठेवा.