दाढेच्या आतलं भरण स्वस्तातलं आणि कॅप भारीतली, चालेल का?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. खालच्या मोठ्या दाढेचं रूट कॅनॉल झालंय, वरची निम्म्याहून जास्त दाढ गेलीये. आत भरायला जीआयसीचे (ग्लास आयोनोमर, दातात भरायचं सिमेंट) १,५०० किंवा फायबर पोस्टसकट (मुळात बसवायची बारीक काडी) कंपोझिटचे (दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण) ५,५००. कॅप झिरकोनियाची (पांढरं, कडक सिरॅमिक) १४,०००, मेटल सिरॅमिकची ७,०००. त्या म्हणतात आतलं कोणाला दिसतंय, तिथे जीआयसी करते आणि कॅप वॉरंटीवाली झिरकोनिया घेते. नाहीतर दाढ काढून ४५,००० चं इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात), नो कॉस्ट ईएमआयवर. अडीअडचणीला ठेवलेली २ लाखांची एफडी आहे, एसआयपीही चालू आहे. आणि दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबलं तर?

ताई, मी काही दातांचा डॉक्टर नाही, पण पैसे तुम्ही नेमके उलट्या जागी लावताय असं मला वाटतं. वॉरंटी कॅपची असते, खालचं भरण तुटून कॅप हातात आली तर ती काय कामाची. दाताचा स्वतःचा जो आतला भाग असतो, डेंटिन, तो साधारण ३०० मेगापास्कल (दाब मोजायचं एकक) दाब सोसतो, चांगलं कंपोझिट त्याच्या आसपास जातं आणि साधं जीआयसी साधारण निम्म्यावर थांबतं, आणि चावताना जोर काय नुसता सरळ खाली येत नाही, आडवाही येतो, तिथे तर जीआयसी फारच कच्चं, वाकवल्यावर २०-३० मेगापास्कलला मोडतं, कंपोझिट १०० च्या वर टिकतं. जीआयसी वाईट नाही हं, ते दाताला स्वतःहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं, पण दाढ बऱ्यापैकी शिल्लक असेल आणि छोटा खड्डा बुजवायचा असेल तेव्हा. तुमची तर निम्मीही उरली नाहीये.

म्हणून कंपोझिट आणि मेटल सिरॅमिक, १२,५००. तुमच्या हिशोबात १५,५०० जात होते, म्हणजे मजबूत पर्याय ३,००० ने स्वस्तच पडतोय! मागच्या दाढेला झिरकोनियाचा गोरेपणा बघणार कोण.

अजून एक, पोस्ट खरंच लागतोय का ते विचारा. पोस्टने मूळ मजबूत होत नाही, तो फक्त भरण धरून ठेवायला असतो, आणि मोठ्या दाढेत आतली पोकळी खोल असेल तर भरण तिथेच पकडून बसतं. नको म्हणाले तर तेवढे पैसे वाचले. फारच ओढाताण असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं किंवा कॅम्पात रंगूनवाला डेंटल कॉलेज आहे, खर्च कमी येतो, फेऱ्या जास्त होतात.

दिवाळीपर्यंत अजिबात थांबू नका. रूट कॅनॉलनंतर तात्पुरतं सिमेंट गळतं, आत परत जंतू जातात, आणि कॅप नसलेली दाढ एखाद्या दिवशी भाकरीच्या कडेवर उभी चिरली की मग ४५,००० चाच रस्ता उरतो.

पैसे एफडीतून काढा. तुम्ही २ लाखांची एफडी अडीअडचणीला म्हणून ठेवलीये ना, मग ही अडचणच आहे की. मोडायचा दंड एक टक्का धरला तरी १२,५०० वर वर्षाला सव्वाशे रुपये, आणि पूर्ण न मोडता थोडी रक्कम काढता येते का ते बँकेत विचारा. एसआयपीला हात लावू नका. नो कॉस्ट ईएमआयचं म्हणाल तर शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. मेडिक्लेमवर विसंबू नका, अपघात सोडला तर दातांचं बहुतेक पॉलिसीत बसत नाही.

आता हे सगळं एका गोष्टीवर अडतं आणि ती पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना विचारा, हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर चांगला दात शिल्लक आहे का? कॅपची खरी पकड तिथे बसते, नुसत्या भरणावर नाही. असेल तर वरचा हिशोब पक्का. नसेल तर त्या दाढेत १२,५०० सुद्धा घालू नका, मला परत लिहा, मग इम्प्लांटसाठी सहा महिन्यांचं आरडी लावू.