पहिल्या लग्नातली मुलगी फॉर्ममध्ये लिहायची का नाही?

"मॅडम, ती येणारच नाहीये ना आमच्याबरोबर, मग नाव कशाला घालायचं?" असं म्हणून त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी खरं तर नवरा-बायकोच्या भांडणांची कौन्सेलर, व्हिसाशी माझा संबंध नाही, पण हल्ली बरीच जोडपी फाइल काखेत मारूनच भांडायला येतात, त्यामुळे कॅनडाच्या पीआरचे, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याचे, नियम मला नाइलाजाने पाठ झालेत. आणि हा प्रश्न तर फारच जण विचारतात, म्हणून हे लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तो ३८ चा, बायको ३३ ची, मुलगा ४ वर्षांचा. एक्स्प्रेस एन्ट्रीतून (पॉइंटवर पीआर द्यायची कॅनडाची पद्धत) आयटीए आलेला, म्हणजे अर्ज करायचं बोलावणं, आणि ते आलं की सगळी कागदपत्रं लावून सबमिट करायला ६० दिवस मिळतात. त्यातले १९ दिवस यांचे भांडणात गेले होते. कारण त्याला पहिल्या लग्नाची एक मुलगी, वय १४, आईकडे राहते, ह्याची तिची सहा वर्षांत भेट नाही. एजंटने सांगितलेलं की कस्टडी आईकडे आहे ना, मग तुमचं एकच मूल, उगाच गुंता नको. प्रोफाइल बनवताना त्याने तसंच भरलं पण होतं, कुटुंबात तीन माणसं. आता शेवटचा फॉर्म भरताना हात थांबला. बायकोला वाटलं की ह्याला जुन्या घराचा पुळका आलाय. त्याला वाटलं की हिला माझी मुलगी पुसूनच टाकायचीय. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, माझ्याशी बोलत होते.

मी आधी नियम सांगितला, भावना नंतर. (माझे गुरू असते तर ओरडले असते, उलटं करायचं असतं म्हणून.) पण इथे भीती चुकीच्या माहितीवरच उभी होती. कॅनडाच्या हिशोबात २२ पेक्षा लहान आणि लग्न न झालेलं मूल म्हणजे डिपेंडंट, ते कुणाकडे राहतं, खर्च कोण करतं, बोलणं आहे का नाही, याने काही फरक पडत नाही. बरोबर नेणार असाल तर अकंपनीइंग, नसाल तर नॉन-अकंपनीइंग, पण लिहायचं दोन्हीत. आणि नुसतं लिहून भागत नाही, न येणाऱ्या मुलाची मेडिकल पण करावी लागते. नाव लपवलं आणि मेडिकल झाली नाही तर इमिग्रेशन रेग्युलेशन्सचं ११७(९)(डी) हे कलम आडवं येतं, म्हणजे पुढे कधी त्या मुलाला फॅमिली क्लासमध्ये (कुटुंबीयांना बोलावून घ्यायचा मार्ग) स्पॉन्सर करायचं म्हटलं तर ते तुमचं कुटुंबीयच धरत नाहीत. शिवाय लपवणं म्हणजे मिसरिप्रेझेंटेशन, खोटी माहिती देणं, त्याला ५ वर्षांची बंदी, आणि पीआर मिळाल्यावर उघडकीला आलं तरी पीआर जाऊ शकतो. फॉर्मवर सही तुमची असते, एजंटचा तिथे पत्ताच नसतो.

"पण पॉइंट कमी होतील ना?" बायकोने विचारलं. नाही होत. सीआरएसमध्ये, म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीच्या पॉइंटच्या हिशोबात, वय, शिक्षण, भाषा, अनुभव, जोडीदाराचे पॉइंट असं सगळं धरतात, मुलांचा त्यात कॉलमच नाही. फरक पडतो तो बँकेत दाखवायच्या पैशात, कारण सेटलमेंट फंडसाठी न येणारं मूलही माणसांत मोजतात, म्हणजे तीन नाही, चार माणसांची रक्कम. यांच्याकडे तेवढी होती. प्रोफाइलमध्ये तीन लिहिलेलं आता कसं दुरुस्त करायचं हे मी सांगायला गेले नाही, लायसन्स असलेल्या कन्सल्टंटकडे पाठवलं, त्याने खुलाशाचं पत्र जोडून घेतलं. तुम्हीही एजंटकडे लायसन्स मागा, कॅनडाच्या कन्सल्टंटना आरसीआयसी म्हणतात, त्यांचे नंबर ऑनलाइन तपासता येतात.

एवढं झाल्यावर बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे उद्या ती आली तर?" हे खरं दुखणं. फॉर्म बिर्म सगळं निमित्त होतं हो, तिला चार वर्षांच्या पोराला घेऊन अनोळखी देशात जायचंय, आणि तिथे एक दिवस दारात एक कॉलेजची मुलगी उभी राहील, जिला ही कधी भेटलेलीच नाही, आणि नवऱ्याचा चेहरा उजळेल, हे तिला दिसत होतं. मी तिला "असं काही होणार नाही" म्हणाले नाही, होऊ शकतं. फॉर्ममध्ये नाव घातल्याने ती येत नाही, वेगळ्या अर्जाशिवाय तर नाहीच, आणि ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईची संमतीही लागते, एवढंच सांगितलं. आणि विचारलं की आली तर तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते. पुढचे दोन सेशन आम्ही त्याच प्रश्नावर होतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याचं वेगळंच निघालं. फॉर्म भरायला बसला तर मुलीच्या आडनावाच्या चौकटीत त्याने सरळ स्वतःचं आडनाव टाइप केलं. मग जन्मदाखला नि शाळेचं ओळखपत्र मागवायला बहिणीमार्फत निरोप गेला, तर कळलं की शाळेत दोन वर्षांपूर्वीच आईचं आडनाव लागलंय. आता दाखल्यावर एक, ओळखपत्रावर दुसरं, म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट आलंच. ते करणं सोपं होतं. पण तो मला म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." मी विचारलं, तुम्ही विचारलं होतं का? नव्हतं विचारलं.

पहिल्या बायकोने मेडिकलला सरळ नकार दिला, तिला वाटलं की हा मुलीला घेऊन पळणार. असा नकार आला तर घाबरून नाव खोडू नका, प्रयत्न केल्याचे मेसेज, ईमेल, रजिस्टर्ड पत्र, सगळं जपून ठेवा आणि अर्जासोबत खरं काय ते लिहून द्या, ऑफिसर त्यावर निर्णय घेतो. फक्त तपासणी झालीच नाही तर पुढे तिला स्पॉन्सर करायचा रस्ता बंद होऊ शकतो, हे आधीच समजून घ्या. यांच्या बाबतीत मी त्याला एकच सुचवलं, पत्रात व्हिसाचं कौतुक नको, तीन ओळी लिही: मी जातोय, ती माझ्याबरोबर येणार नाही, तपासणी झाली तर पुढे कधी तिला वाटलं तर रस्ता उघडा राहील. त्याने नऊ ओळी लिहिल्या, आम्ही सहा खोडल्या.

अकराव्या दिवशी होकार आला, अट एकच, तू समोर यायचं नाहीस. पॅनेल डॉक्टरकडे, म्हणजे कॅनडाने या तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरकडे, आई मुलीला घेऊन गेली, तपासणी आणि छातीचा एक्स-रे, तासाभरात मोकळ्या. हा समोरच्या फुटपाथवर गाडीत बसून होता, शेजारी दुसरी बायको, ती आपणहून आली होती. रिपोर्ट डॉक्टर परस्पर पाठवतात, हातात फक्त तपासणी झाल्याचा कागद मिळतो, तो अर्जाला लावायला यांना हवा होता. संध्याकाळी बहिणीच्या फोनवर पहिल्या बायकोकडून त्या कागदाचा फोटो आला आणि खाली मेसेज: अर्ज गेला की त्याची एक कॉपी मलाही पाठवा, तिच्या फाइलला लावायचीय.