मुलांसोबत स्ट्रॉबेरीची नवी रोपे कशी तयार करावीत?

सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन, गच्चीवरच्या कुंडीतल्या स्ट्रॉबेरीपासून नवी रोपे करायची आहेत, तर त्यासाठी बी पेरावे का, असे आपण विचारले आहे. मीही नाशिकमध्येच गच्चीवर हा उद्योग करतो आणि माझे उत्तर 'पेरू नये' असे आहे. फळावरचे पिवळसर दाणे उगवतात खरे; पण त्याला तीन-चार आठवडे सहज लागतात, तोवर मुलांचा धीर सुटतो आणि आलेले रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही.

त्यापेक्षा रनर, म्हणजे झाडातून निघणारी आणि टोकाकडे नवे रोप धरणारी लांब फांदी, वापरावा. सुरगाणा-कळवण भागातल्या शेतांत लागणारी रोपेही रनरपासूनच तयार झालेली असतात. फळांचा बहर ओसरून दिवस मोठे आणि उबदार होऊ लागले की झाडाच्या बुंध्यातून सुतळीसारखा हा रनर निघतो. त्याचा पहिला पेर बहुधा रिकामा असतो. दुसऱ्या पेरावर पानांचा झुबका आणि त्याखाली मुळांचे बारीक उंचवटे दिसतात. हा पेर मुलांना स्वतः शोधू द्यावा. मातृरोपापासून न तोडता तो शेजारी ठेवलेल्या, तळाला भोके पाडलेल्या ग्लासातल्या माती, कोकोपीट व गांडूळखताच्या मिश्रणावर टेकवून केसांच्या आकड्याने अडकवावा. पाने जिथून फुटतात तो गाभा मात्र मातीत गाडू नये, तो कुजतो.

ग्लास पारदर्शक घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या वर्षी माझ्या मुलीने मुळे आली का हे पाहण्यासाठी रोज रोप उचकटले आणि सहापैकी चार रोपे वाळली. आता आम्ही ग्लासाभोवती काळ्या कागदाची नळी घालतो. ती वर सरकवली की पांढरी मुळे दिसतात आणि रोपाला हात लावावा लागत नाही.

तीन-चार आठवड्यांनी नवे पान फुटले आणि हलके ओढूनही रोप हलले नाही, की मातृरोपाशी जोडलेली नाळ कात्रीने कापावी. हे काम मोठ्या मुलाकडे द्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात शेडनेट आणि पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पडणार नाही असा आडोसा लागतो, कारण आपल्याकडे उन्हाइतकीच रोपे साचलेल्या पाण्यानेही जातात. सप्टेंबरअखेर ती मोठ्या कुंडीत लावावीत, आणि फुले येऊ लागल्यावर निघणारे रनर खुडून टाकावेत, म्हणजे झाडाचा जोर फळांकडे जातो.