वाचकांचे प्रश्न : पुलिकतचे रोहित गाडीतूनच पाहावेत

प्रश्न : दर हिवाळ्यात आम्ही उजनीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि हिप्परग्याच्या तलावावर पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले जंगली हंस) पाहतो. येत्या जानेवारीत भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन, वृद्ध आईवडील व दोन मुलांसह, आंध्रातील पुलिकत सरोवराला जाण्याचा विचार आहे. तेथे वेगळे काय दिसेल? गाडी सरोवराकाठीच मुक्कामाला लावता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : महिना आपण योग्य निवडला आहे. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि तो ओसरला की रोहितांना हवे तसे उथळ पाणी मिळू लागते. उजनी गोड्या पाण्याची, तर पुलिकत मचूळ पाण्याचे. ओडिशातील चिल्काखालोखाल देशातील हे दुसरे मोठे खाजण-सरोवर (लगून) असून श्रीहरिकोटा बेटामुळे ते समुद्रापासून वेगळे राहिले आहे. त्यामुळे रोहितांबरोबरच कुरव (गल), सुरय (टर्न) आणि किनाऱ्यावरच्या चिखल्यांचे (प्लोव्हर) थवेही आपल्याला पाहता येतील.

सोलापूरहून हैदराबाद, ओंगोल, नेल्लोरमार्गे सुळ्ळूरुपेटा सुमारे सव्वाआठशे किलोमीटर पडते. वडीलधारी मंडळी सोबत असल्याने वाटेत दोन मुक्काम करावेत. सुळ्ळूरुपेट्याहून श्रीहरिकोट्याकडे जाणारा रस्ता थेट सरोवरातून जातो, आणि कॅम्परव्हॅनचा खरा उपयोग तेथेच आहे. पक्षी उभ्या गाडीला सहसा बुजत नाहीत, पण गाडीतून उतरून चालू लागलेल्या माणसाला लगेच बुजतात. हा रस्ता पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून जाताना आपल्या डाव्या हाताचे, म्हणजे उत्तरेचे पाणी स्वच्छ उजेडात दिसते. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी, इंजिन बंद करावे, दार न उघडता खिडकीतून दुर्बीण लावावी आणि मुलांना निदान अर्धा तास एकाच थव्याकडे पाहू द्यावे. रोहित पायांनी चिखल ढवळतो, मग डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी पाणी आतबाहेर करते आणि चोचीच्या कडेच्या बारीक दात्र्यांत खाद्य अडकते. हे दृश्य उडणाऱ्या थव्याच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते. माना उंचावून सगळे पक्षी एकाच दिशेने चालू लागले, तर ते अस्वस्थ झाले आहेत असे समजावे आणि शांतपणे गाडी पुढे न्यावी. बेटावर अवकाश केंद्र असल्याने परवान्याशिवाय तेथे प्रवेश मिळत नाही. तपासणी नाक्याआधीच परत फिरावे.

मुक्काम मात्र सरोवराकाठी करू नये. रस्ता वाहता आहे आणि रात्रीचे दिवे व आवाज पक्ष्यांना त्रासदायक ठरतात. सुळ्ळूरुपेट्यात एखाद्या लॉजच्या आवारात परवानगी घेऊन गाडी लावावी आणि सूर्योदयाला सरोवरावर पोहोचावे. घरात कोणाला तेलुगू येत असेल, आणि सोलापुरात ती शक्यता बरीच आहे, तर आज पाणी कोठे उथळ आहे हे कोळ्यांनाच विचारावे. त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.

एक सकाळ जवळच्या नेलपट्टू अभयारण्यासाठी राखून ठेवावी. तेथे पाण्यात उभ्या असलेल्या निवराच्या झाडांवर पेलिकन, म्हणजे आपले झोळीवाले, घरटी करतात. पिल्ले चोचीच्या झोळीत डोके घालून खाताना दिसतात. त्यांच्यासाठी आणलेले मासे पुष्कळदा पुलिकतमधलेच असतात.