आधी त्या दुकानातून डिस्क परत आणा

डिस्क अजून दुकानातच असेल तर हे उत्तर नंतर वाचा. आधी फोन करून ‘काहीही चालवू नका, बंद करून ठेवा’ एवढं सांगा.

तुम्ही लिहिलंय की १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क लावली की टिकटिक आवाज येतो, विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतं, आत वडिलांच्या खरेदीखतांचे स्कॅन आणि घरचे सगळे फोटो आहेत, आणि दुकानदार म्हणतो, ‘रात्रभर चेकडिस्कला (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) लावतो, सकाळी या.’ हे शेवटचं वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. केबल बदलणं, दुसऱ्या पोर्टला लावून बघणं तुम्ही केलं असेलच, म्हणून त्यात जात नाही. मी या विषयातला तज्ज्ञ नाही, माझं डीटीपीचं काम आहे. त्यामुळे खालचं सगळं पोळलेल्या माणसाचं मत म्हणून वाचा.

माझ्या डिस्कवर काही दिवाळी अंकांची पानं आणि एका संस्थेच्या स्मरणिकेचं सगळं साहित्य होतं. डिस्क वॉरंटीत होती, म्हणून सर्व्हिस सेंटरला दिली. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. काउंटरवर स्पष्ट सांगितलं, ‘डिस्क गेली तरी चालेल, मला डेटा हवाय.’ मुलाने मान डोलावली आणि जॉबशीटवर लिहिलं ‘एचडीडी नॉट वर्किंग’. झालं! आतल्या टेक्निशियनपर्यंत तेवढे तीन शब्द पोचले. त्याने त्याच्या परीने कामच केलं: न चालणारी डिस्क चालती करायची. चेकडिस्क, स्लॅश आर, रात्रभर.

यात काय होतं ते समजून घ्या. चेकडिस्कला तुमच्या फोटोंशी देणंघेणं नसतं. तो हिशेब जुळवणारा कारकून आहे: वहीचा मेळ बसला पाहिजे, नोंदी गेल्या तरी चालतील. जी फाइल जुळत नाही तिचे तुकडे तो फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये .सीएचके करून टाकतो, नावं गायब. आणि हे सगळं तो त्याच आजारी डिस्कवर लिहितो. शिवाय स्लॅश आर या पर्यायाचा अर्थ एकूण एक सेक्टर, म्हणजे डिस्कचा प्रत्येक बारीक कप्पा, वाचायचा, न वाचता आला तर पुन्हा पुन्हा. टिकटिक करणाऱ्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा हेडच, म्हणजे डेटा वाचणारं टोकच, धडपडत असतं. ते तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं, आणि तबकडी मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेत असते. अशा अवस्थेत रात्रभर पळवली तर हेड तबकडीला घासण्याची मोठी भीती.

सकाळी फोन आला, ‘सर, डिस्क चालू झाली.’ चालू झाली होती खरी. निम्मे फोल्डर रिकामे आणि .सीएचकेंचा ढीग. त्यात आमच्या धंद्याची आणखी एक गंमत: जुना मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत आहे, त्यामुळे मराठी शब्द टाकून शोधायचीही सोय नाही, प्रत्येक फाइल उघडून बघा. थोड्याच दिवसांत डिस्क पूर्ण बसली. मग ती डेटा काढून देणाऱ्या लॅबला दिली. लॅबवाल्याने उघडून फोटो पाठवला, तबकडीवर गोल ओरखडे. तिथला चुंबकीय थरच खरवडला गेला की जगातली कुठलीही लॅब तो डेटा देऊ शकत नाही. सेंटरला विचारलं तर म्हणाले, ‘जॉबशीटच्या मागे वाचा, डेटाची जबाबदारी आमची नाही.’ वर ऑफर: वॉरंटीत दुसरी डिस्क देतो, फक्त जुनी जमा करा. म्हणजे उरलासुरला डेटाही त्यांच्याकडे! ईमेल केले तर दर वेळी एकच उत्तर, तक्रार ‘बंद’ केली आहे.

तेव्हा माझं ठाम मत: डिस्क जाताना दिसली की ‘रिपेअर’ हा शब्दच उच्चारू नका. आधी प्रत, मग बाकीचं.

तुमच्या डिस्कला आवाज येतोय, म्हणजे घरगुती प्रयोग बंद, थेट लॅब. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. आत दव धरतं. तसलंच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावायचं. हल्लीच्या बोर्डवरच्या रॉम नावाच्या चिपमध्ये बहुधा त्याच डिस्कची माहिती असते, ती न हलवता नुसता बोर्ड बदलून उपयोग नाही. लॅबला तीन गोष्टी विचारा: क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळमुक्त खोली) आहे का, डेटा मिळाला नाही तर पैसे किती, आणि पैसे भरण्याआधी फाइलींची यादी दाखवणार का. ‘डेटा हवा, दुरुस्ती नको, डिस्कवर काहीही लिहू नये’ हे पावतीवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. तोंडी सांगण्याला काडीची किंमत नाही.

आवाज नसता, नुसती हळू चालत असती, तर मी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून (म्हणजे विंडोज सुरू न करता) डीडीरेस्क्यू हा डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम सुचवला असता. तो आधी सोपा भाग उचलतो, अडलेला मागे ठेवतो, आणि मॅपफाइल (कुठवर काम झालं त्याची नोंद) दिली असेल तर मध्येच थांबवून तिथूनच पुढे जाता येतं. त्या प्रतीवर मग टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे फाइली शोधून काढणारे प्रोग्रॅम चालवायचे. दोन्ही फुकट आहेत, फक्त फोटोरेकमध्ये मूळ नावं बहुतेक जातात. ‘शंभर टक्के रिकव्हरी’वाली विकत घ्यायची सॉफ्टवेअर मला पटत नाहीत, पण हे माझं मत. एसएसडीला (तबकडीऐवजी चिपा असलेली डिस्क) यातलं बरंचसं लागू नाही. तिथे डिलीट केलेलं ट्रिममुळे (रिकामी झालेली जागा पुसून टाकायची सोय) बहुधा गेलेलंच असतं.

कागदपत्रांसाठी मात्र लॅबला पैसे घालवू नका. डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, आणि नोंदणी झालेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. दस्त क्रमांक आणि साल माहीत असेल तर काम सोपं. लॅबला फक्त फोटोंचे फोल्डर आधी काढायला सांगा. त्याआधी नातेवाइकांचे जुने फोन आणि व्हॉट्सॲप ग्रुप चाळा, लग्नाचे निम्मे फोटो तिथेच सापडतील.

एक विचारायचं राहिलं: डिस्क कुठल्या मॉडेलची आहे? काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट बोर्डवरच असतं आणि डेटा बोर्डमध्येच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे तो बोर्ड नसेल तर वाचता न येण्याजोग्या सांकेतिक रूपात साठतो. तशी असेल तर डबा कोणालाही उघडू देऊ नका, आणि बोर्डसकट सगळं लॅबला द्या. डिस्क हातात आली की मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर इथे लिहा. सीरियल नंबर नको.