ताईला विचारा : सुट्टी लागली, पोरं घरात!

प्रश्न : ताई, मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, मुलगी 9 वर्षांची आणि मुलगा 5 चा. माझं वर्क फ्रॉम होम, नवऱ्याचं ऑफिस. परीक्षा संपल्यापासून दिवसातून चाळीस वेळा "आई बोअर होतंय" ऐकते, शेवटी मोबाईल देते आणि रात्री स्वतःलाच शिव्या घालते. सोसायटीत सगळ्यांनी समर कॅम्प लावलेत, आम्हाला दोघांचे परवडत नाहीत. आम्ही लहानपणी मामाच्या गावाला जायचो, आता यांचा मामा वाकडला फ्लॅटमध्ये राहतो. सुट्टी वाया चाललीये असं वाटतं. काय करू? – एक वैतागलेली आई

उत्तर : अगं, तुला सरळ तूच म्हणते, माझी सून तुझ्याच वयाची आहे आणि हेच सगळं गेल्या आठवड्यात तिच्याकडून फोनवर ऐकलंय. मामा वाकडला आहे ना, मग दोन दिवस टाक की पोरांना वाकडला. आपल्याला तरी गावात जाऊन काय लागायचं, रात्री उशिरापर्यंत जागायला मिळालं आणि सकाळी कुणी उठवलं नाही की झालं, ते वाकडलाही होतं.

आणि बोअर होतंय म्हणाले की लगेच धावत जाऊ नकोस. होऊ दे अर्धा तास. माझा मुलगा असाच एकदा बोअर होऊन घरातल्या सगळ्या चपला काढून दारात दुकान मांडून बसला आणि माझ्या सासऱ्यांना त्यांचीच चप्पल 5 रुपयांना विकायला लागला, त्यांनी घासाघीस करून 3 ला घेतली! आता ही आयडिया काय मी देऊ शकले असते का.

पण तुला ठोस काहीतरी हवंय, तर साबुदाण्याच्या चिकवड्या घाल. हसू नकोस. कुरडया नाही सांगत, त्यात गहू 3 दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, चीक शिजवा, फ्लॅटमध्ये मीटिंगा सांभाळून ते होणार नाही. चिकवड्या सोप्या. वाटीभर साबुदाणा रात्री भिजत घाल, आणि हे मुलांनाच करू दे, भिजायच्या आधी एक दाणा बाजूला काढून ठेवायला सांग, म्हणजे सकाळी भिजलेला शेजारी ठेवून बघतील केवढा फुगला ते. सकाळी 4-5 वाट्या पाण्याला उकळी आली की मीठ, जिरं आणि साबुदाणा, दाणे काचेसारखे दिसेपर्यंत ढवळायचं. शिजवायचं काम तुझं, ते फार चटकतं. जरा कोमट झालं की बाल्कनीत प्लॅस्टिकचा कागद अंथर, दोघांच्या हातात एकेक चमचा दे आणि तू सरळ लॉगिन कर. गोल येणार नाहीत, धाकट्याच्या तर हत्ती आणि बस यायच्या, तळल्यावर काय फरक पडतो? मग कबुतरांपासून राखण. आमच्या वेळी कावळे होते, तुमच्या पुण्याच्या बाल्कन्यांत कबुतरं. राखणीचा पगार म्हणजे अर्धवट वाळलेल्या चिकवड्या, वरून कोरड्या आतून चिवट, दाताला चिकटणाऱ्या. संध्याकाळी मोजशील तर निम्म्याच उरलेल्या असतील, तेव्हा ओरडू नकोस, त्या खाण्यासाठीच तर सगळा खटाटोप.

कॅम्पात पोरं कागदाची फुलं करतात आणि ती महिन्याभराने आपणच गुपचूप टाकून देतो. इथं पाहुणे आले की ताटातली चिकवडी उचलून "ही माझी, बघा बस आहे" म्हणून सांगता येतं, घरातलं एक खरं काम आपण केलंय हे पोरांना बरोब्बर कळतं.

मोबाईलचं म्हणशील तर 4 वाजता क्लायंट कॉल असेल तेव्हा दे बाई खुशाल, शिव्या कसल्या घालतेस स्वतःला.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी नागपुरात. नातवंडं (11 आणि 8 वर्षांची) गुरुग्रामहून मेच्या शेवटच्या आठवड्यात येणार, इकडे तेव्हा पारा 45 ला टेकलेला. कूलरसमोरून पोरं हलत नाहीत. त्यांच्याकडे मोठमोठे मॉल, आमच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, तुमच्याकडे नुसतं अंगण किंवा गच्ची असली तरी पुरे. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला म्हणून आपण कपाळाला हात लावतो ना, त्याच दिवसांत, 26 मेच्या आसपास, दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमाराला सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली गायब होते. सपाट जागी स्टीलचा सरळ कडांचा ग्लास पालथा घाला आणि पावणेबारापासून दर 10 मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला लावा. खूण केली की पळत आत कूलरपाशी, परत बाहेर. टोप्या घाला, सूर्याकडे बघू देऊ नका. सावली आखडत आखडत शेवटी ग्लासाच्या पोटात शिरते. मग त्यांनाच उभं करा, स्वतःची सावली पायाशी शोधतात आणि सापडत नाही!

का होतं विचारतीलच. सूर्य उत्तरेकडे सरकत 21 जूनला कर्कवृत्तावर म्हणजे साडेतेवीस अंशांवर पोचतो आणि तिथून परत फिरतो. नागपूर 21 अंशांवर, त्याच्या वाटेत, म्हणून जाताना एकदा आणि येताना जुलैत एकदा, पण जुलैत ढग. पुण्यात हे 13-14 मेला होतं, मुंबईत 15-16 ला. आणि गुरुग्राम 28 अंशांवर, तिथे कधीच नाही. हे मोठ्याला नकाशात शोधायला लावा, तिकडे गेल्यावर मित्रांपुढे काय भाव खाईल बघा.

नंतर आजींच्या हातचं पन्हं. कैऱ्या उकडून वाटीभर गर निघाला तर दीड-दोन वाट्या गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, गर कुस्करायचं काम धाकटीचं (की धाकट्याचं? तुम्ही लिहिलंच नाहीत). रात्री गच्चीवर गाद्या टाकत असाल तर उत्तरेला सप्तर्षी असतात, त्यांच्या चौकोनाच्या टोकाच्या दोन ताऱ्यांवरून रेघ लांबवली की ध्रुव. तो गुरुग्रामला इथल्यापेक्षा थोडा वर दिसतो, तेच अंशांचं गणित, पण ते तिथे गेल्यावर फोनवर सांगा, सगळं एकाच दिवशी नको.

प्रश्न : ताई मी चौथीत आहे. आई माझ्याशी पत्ते खेळते पण मुद्दाम हरते ते मला कळतं. मला खरंखरं जिंकायचंय. – नाशिकहून एक मुलगी

उत्तर : अगं गुणाची गं ती! आईला सांग, यापुढे मुद्दाम हरायचं नाही. आजी किंवा बाबांना घेऊन तिघांत पाच-तीन-दोन खेळा. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची सगळी पानं आणि इस्पिक-बदामच्या सत्त्या, झाली 30, प्रत्येकाला 10. ज्याचे हात कमी होतात त्याची पुढच्या डावात चांगली पानं ओढली जातात, त्यामुळे मुद्दाम हरणं आईला परवडणारच नाही. आणि बदाम सात खेळताना टाकायला दुसरं पान असेल तर किलवरची सत्ती हातात दाबून ठेव, आईच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या तरी काढू नकोस.